पायथॉन वेब अ‍ॅपसाठी थंबनेल: सोर्ल, ईझी-थंबनेल्स, इमेजकिट की वेगळा सर्व्हर?

जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीवर उभ्या केलेल्या संकेतस्थळावर वापरकर्ते छायाचित्रे चढवू लागले, की यादीच्या पानासाठी एक, तपशिलाच्या पानासाठी दुसरा आणि मोबाइलसाठी तिसरा असे लहान आकार, म्हणजे थंबनेल्स, लागतात आणि त्यासाठी कोणते पॅकेज घ्यावे हा प्रश्न उभा राहतो. सोर्ल-थंबनेल, ईझी-थंबनेल्स आणि जँगो-इमेजकिट ही तीन नावे बहुतेकांच्या समोर येतात. थंबॉर किंवा इमेजप्रॉक्सी यांसारखा स्वतंत्र प्रतिमा-सर्व्हर हा चौथा मार्ग आहे. चित्र किती सुबक लहान होते या निकषावर पहिल्या तिघांत फारसा फरक सापडत नाही, कारण नेहमीच्या मांडणीत ती तिन्ही पॅकेजे पिलो या प्रतिमा-लायब्ररीवरच चालतात. फरक आहे तो थंबनेल कोणत्या क्षणी तयार होते, ते तयार झाल्याची नोंद कुठे राहते आणि मूळ छायाचित्र बदलले किंवा काढून टाकले तर जुने थंबनेल कोण पुसते, या तीन बाबतींत. गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीसारखीच ही गोष्ट आहे: जन्माची नोंद करायला सगळे येतात, मृत्यूची नोंद राहून जाते. निवड करताना म्हणूनच दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पिलोपर्यंत रस्ता एकच

जुन्या पायथॉन इमेजिंग लायब्ररीची शेवटची आवृत्ती २००९ मध्ये आली आणि तिची शाखा म्हणून पिलो २०१० मध्ये सुरू झाली. आज पायथॉनमधील बहुतेक प्रतिमा-पॅकेजे तिच्यावर उभी असल्यामुळे पिलोतील बदल सगळ्यांपर्यंत पोहोचतात. २०२३ मध्ये आलेल्या पिलोच्या १० व्या आवृत्तीतून चित्र लहान करण्याच्या एका रीतीचे ‘अँटिअलायस’ हे जुने नाव काढून टाकले गेले आणि त्याच्या जागी ‘लँक्झॉस’ हेच नाव उरले. त्या वेळी देखभाल थांबलेली अनेक लहान पॅकेजे एका अपग्रेडमध्ये बंद पडली. एखाद्या कमी परिचित पॅकेजाचा विचार करत असाल, तर त्याची शेवटची आवृत्ती या बदलानंतरची आहे का, एवढे पाहिले तरी त्याच्या देखभालीची बरीचशी कल्पना येते.

पॅकेज कोणतेही घेतले तरी स्मृतीचा हिशेब मात्र स्वतःच करावा लागतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर चार-पाच एमबीचे दिसले, तरी पूर्ण उलगडल्यावर ते प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट या दराने ३६ एमबी जागा घेते. पिलोची ‘थंबनेल’ ही पद्धत जेपीईजीच्या बाबतीत येथे मोठी बचत करते, कारण जेपीईजीची रचनाच अशी आहे, की ते उलगडतानाच निम्म्या, चतुर्थांश किंवा अष्टमांश आकारात वाचता येते. वरील छायाचित्रातून ४०० गुणिले ३०० चे थंबनेल हवे असेल, तर पिलो ते आधी १००० गुणिले ७५० एवढेच उलगडते आणि ३६ एमबीऐवजी सुमारे सव्वादोन एमबी पिक्सेलांवर काम भागते. ‘रिसाइझ’ ही पद्धत थेट वापरली तर हा लाभ आपोआप मिळत नाही.

येथे एक क्रम सांभाळावा लागतो. मोबाइलचा कॅमेरा उभे छायाचित्र पुष्कळदा आडवेच साठवतो आणि ते कसे फिरवून दाखवायचे याची खूण फाइलमध्येच असलेल्या एक्झिफ माहितीत ठेवतो. ही खूण पाहून चित्र सरळ करणारी सोय पिलोत आहे, परंतु ती आधी चालवली तर पूर्ण चित्र स्मृतीत आणावे लागते आणि वरची सगळी बचत वाया जाते. आधी लहान करून मग सरळ केल्यास काम स्वस्तात होते. चौकट चौरस नसेल, तर फिरवल्यावर लांबी-रुंदीची अदलाबदल होणार हे मात्र आधीच हिशेबात घ्यावे लागते. तयार पॅकेजे हा विषय आपापल्या परीने हाताळतात, पण स्वतःचा कोड लिहिणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवणे बरे.

रंगांच्या बाबतीतही पिलो गप्प राहून काम करते. जेपीईजी साठवताना रंग-प्रोफाइल स्वतंत्रपणे दिले नाही तर ते गाळले जाते, आणि अधिक विस्तृत रंगपट्टा वापरणाऱ्या नव्या फोनांवरची छायाचित्रे थंबनेलमध्ये किंचित फिकी दिसू लागतात. याच गाळणीत एक्झिफमधली स्थळाची माहितीही निघून जाते, ही त्यातली चांगली बाजू. मूळ फाइलमध्ये मात्र ती तशीच राहते, हे मूळ छायाचित्र डाउनलोड करू देणाऱ्या संकेतस्थळांनी विसरू नये.

मोठ्या चित्रांसाठी पिलोने एक मर्यादा घालून दिलेली आहे. ८,९४,७८,४८५ पिक्सेलांपेक्षा मोठे चित्र उघडले तर ती इशारा देते आणि त्याच्या दुपटीच्या, म्हणजे १७,८९,५६,९७० पिक्सेलांच्या, पुढे गेल्यास थेट त्रुटी देऊन थांबते. अगदी लहान फाइलमध्ये प्रचंड चित्र दडवून सर्व्हरची स्मृती संपवण्याच्या हल्ल्याविरुद्ध ही तटबंदी आहे. १०८ मेगापिक्सेलचे छायाचित्र त्यामुळे केवळ इशाऱ्यावर निभावते, पण २०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पूर्ण क्षमतेत काढलेले छायाचित्र अडते. जँगोचा फॉर्म ही त्रुटी ‘वैध प्रतिमा निवडा’ अशा अर्थाच्या सर्वसाधारण संदेशात रूपांतरित करतो आणि वापरकर्त्याला आपल्या उत्तम छायाचित्रात काय दोष आहे ते कळत नाही. मर्यादा उठवून टाकण्याऐवजी अपलोडच्या पानावरच कमाल आकार स्पष्ट लिहिणे हा सरळ उपाय आहे.

सोर्ल आणि ईझी: एकाच घराण्यातले दोन स्वभाव

ईझी-थंबनेल्सचा उगम सोर्लच्या जुन्या रूपातून झाला, त्यामुळे दोघांच्या टेम्प्लेट-टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात थंबनेल मागवण्यासाठी लिहायच्या खुणेत, साम्य दिसते. आतले स्वभाव मात्र वेगळे आहेत.

सोर्लमध्ये आकार टेम्प्लेटमध्येच लिहिण्याची पद्धत आहे. पान तयार होत असताना तो टॅग चालतो, थंबनेल आधी तयार केलेले असेल तर त्याचा पत्ता मिळतो, नसेल तर ते त्याच क्षणी तयार होते. मूळ फाइल आणि मागितलेले पर्याय यांच्यावरून एक सांकेतिक नाव बनते, थंबनेल ‘कॅशे’ या फोल्डरात त्या नावाने जाते आणि त्याची नोंद एका की-व्हॅल्यू साठ्यात होते. हा साठा नेहमीच्या मांडणीत डेटाबेसमधल्या तक्त्यात असतो व त्यापुढे जँगोचा कॅशे असतो. हवा असल्यास तो रेडिस या स्मृतीत चालणाऱ्या जलद साठ्यातही ठेवता येतो. पिलोऐवजी इमेजमॅजिक किंवा लिबव्हिप्स ही दुसरी प्रतिमा-साधने वापरण्याची सोयही सोर्लने ठेवली आहे.

या नोंदवहीवर सोर्लचा पूर्ण विश्वास असतो, आणि त्याचा वेग व त्याचा सापळा दोन्ही येथूनच येतात. नोंद सापडली, की सोर्ल डिस्ककडे पाहत नाही. दूरच्या साठ्यावर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ठिकाणी फाइल्स असतील तर हा स्वभाव फारच उपकारक ठरतो, कारण प्रत्येक थंबनेलसाठी ‘फाइल आहे का’ अशी नेटवर्कवरून विचारणा करावी लागत नाही. मात्र जागा मोकळी करण्यासाठी कोणी कॅशेचे फोल्डर हाताने रिकामे केले, तर सोर्ल नसलेल्या फाइल्सचे पत्ते निर्धास्तपणे देत राहते आणि पानभर तुटकी चित्रे दिसतात. त्यावर ‘थंबनेल क्लीअर’ ही आज्ञा चालवून नोंदवही रिकामी करावी लागते. तसेच त्याच नावाने नवी मूळ फाइल येऊन बसली, तर सोर्लला तो बदल आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

ईझी-थंबनेल्स नोंदवहीबरोबर प्रत्यक्ष स्थितीही तपासते. फाइल्स सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर असतील, तर ती मूळ फाइल आणि थंबनेल यांच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि मूळ फाइल नवी असेल तर थंबनेल पुन्हा तयार करते. दूरच्या साठ्यासाठी या वेळा डेटाबेसमधल्या तिच्या तक्त्यांतून घेतल्या जातात. थोडे अधिक काम करून मिळणारी ही खबरदारी मला बहुतेक मध्यम आकाराच्या संकेतस्थळांसाठी रास्त वाटते.

ईझीचे खरे बळ मात्र तिच्या टोपणनावांत आहे. ‘यादी’, ‘मुखपृष्ठ’, ‘अवतार’ अशी नावे सेटिंग फाइलमध्ये एकदा ठरवून त्यांचे आकार आणि कातरण्याची रीत तेथेच लिहिता येते, शिवाय एखादे टोपणनाव ठरावीक मॉडेलच्या (जँगोत डेटाबेसच्या एका तक्त्याचे वर्णन करणाऱ्या वर्गाच्या) ठरावीक फील्डपुरतेही मर्यादित ठेवता येते. टेम्प्लेटमध्ये मग आकडे येत नाहीत, फक्त नाव येते. डिझायनरने उद्या यादीतील चित्र २४० ऐवजी २८० पिक्सेलचे मागितले, तर एक ओळ बदलते. सोर्लच्या पद्धतीत हे आकडे पंधरा टेम्प्लेट्समध्ये विखुरतात, कोणी ३००, कोणी ३०२ लिहितो, आणि जवळपास सारख्याच आकाराची अनेक थंबनेल्स डिस्कवर साचतात. टोपणनावे ठरलेली असल्यामुळे फाइल साठवल्याच्या सिग्नलवर सगळे आकार आधीच तयार करून ठेवण्याची सोयही ईझीला देता येते, आणि ते काम सेलेरी या रांगेतली कामे मागे चालवणाऱ्या व्यवस्थेच्या वर्करकडे सोपवता येते. ज्या संघात टेम्प्लेट लिहिणारे एकाहून अधिक आहेत, तेथे एवढे एक कारण ईझीकडे झुकण्यास पुरेसे आहे.

न सांगता लागू होणाऱ्या सेटिंगांमध्ये दोघांचे मार्ग आणखी वेगळे होतात. सोर्ल जेपीईजीचा दर्जा ९५ धरते, ईझी ८५. पिलोचा स्वतःचा आकडा ७५ आहे. ९५ वर साठवलेले थंबनेल डोळ्याला क्वचितच अधिक चांगले दिसते, पण फाइल ठळकपणे जड होते, म्हणून सोर्ल बसवल्यावर पहिला बदल मी हा सुचवेन. सोर्ल लहान चित्र ताणून मोठे करण्यास तयार असते, ईझी सांगितल्याशिवाय तसे करत नाही. शंभर पिक्सेलचे जुने चिन्ह चारशे पिक्सेलच्या चौकटीत पसरलेले पाहणे कोणालाच नको असते, त्यामुळे येथेही ईझीची भूमिका अधिक समंजस आहे. सोर्ल आपले थंबनेल जेपीईजीतच काढते, त्यामुळे पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी बोधचिन्ह आले तर मूळ स्वरूप जपण्याची सेटिंग सुरू करावी लागते; ईझी पारदर्शक चित्रासाठी पीएनजी वापरते. एका बाबतीत दोघांचा दोष सारखाच आहे: डीबग सेटिंग बंद असताना थंबनेल करताना आलेली त्रुटी दोन्ही पॅकेजे पानावर येऊ देत नाहीत. पान मोडत नाही हे चांगले, परंतु लॉगवर कोणाची नजर नसेल तर महिनोन्‌महिने रिकाम्या चौकटी तशाच राहतात.

इमेजकिट: आकार मॉडेलमध्ये

जँगो-इमेजकिट या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहते. येथे थंबनेल हे मॉडेलचेच एक फील्ड असल्यासारखे लिहिले जाते, पण डेटाबेसमध्ये त्याचा स्तंभ नसतो. त्यामुळे नवा आकार जोडताना त्या तक्त्याचे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतील बदल, लागत नाही. आधी चौकटीत बसव, मग कडा कापून काढ, मग किंचित धार दे, अशी प्रक्रियांची साखळी पायथॉनमध्येच रचता येते आणि स्वतःची प्रक्रिया, उदाहरणार्थ वृत्तसंस्थेची पाणखूण (वॉटरमार्क), एका लहान वर्गाच्या रूपाने तीत घालता येते. ज्यांची थंबनेल्स निव्वळ लहान आवृत्त्या नसून प्रक्रिया केलेली चित्रे असतात, त्यांना इमेजकिटची ही रचना फार सोयीची पडते.

जन्माची वेळही येथे निवडता येते. नेहमीच्या धोरणात थंबनेल मागणी आल्यावर तयार होते. ‘ऑप्टिमिस्टिक’ धोरण घेतले तर ते मूळ फाइल साठवतानाच तयार होते आणि पुढे ते अस्तित्वात आहे असे गृहीत धरले जाते. सेलेरी किंवा आरक्यूच्या रांगेत हे काम टाकणारे बॅकएंड पॅकेजातच आहेत, वेगळे जुळवावे लागत नाहीत. मात्र फाइल तयार आहे की नाही ही माहिती इमेजकिट जँगोच्या कॅशेमध्ये ठेवते. तो कॅशे प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या स्मृतीत असेल, तर एका वर्करला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते आणि तपासण्या उगाच वाढतात. इमेजकिट घेणार असाल तर रेडिस किंवा मेमकॅशसारखा सामायिक कॅशे आवश्यकच समजावा.

दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पॅकेजातील ‘प्रोसेस्ड इमेज फील्ड’ हे दुसरे फील्ड अपलोडच्या वेळीच चित्र बदलून तेवढेच साठवते, मूळ चित्र उरत नाही. अवतारासाठी हे ठीक आहे. दोन वर्षांनी मोठा आकार लागेल अशा कोणत्याही चित्रासाठी ते वापरू नये. दुसरे म्हणजे आवरासावरीच्या बाबतीत हे तिन्हींत सर्वांत उदासीन पॅकेज आहे: प्रक्रिया बदलली की फाइलचे सांकेतिक नाव बदलते, नवी फाइल तयार होते आणि जुनी जागच्या जागी राहते.

पुसण्याचा प्रश्न आणि नावांचा घोळ

जँगो १.३ पासून मॉडेलमधील नोंद काढून टाकली तरी तिची फाइल डिस्कवरून पुसत नाही, आणि फाइल बदलली तरी जुनी फाइल मागे राहते. एकाच फाइलकडे दोन नोंदी बोट दाखवत असू शकतात, हे या सावधगिरीचे कारण. सोर्लचे स्वतःचे इमेज फील्डही आजच्या जँगोत नोंद काढल्यावर हे काम आपणहून करत नाही; फाइल, तिची थंबनेल्स आणि त्यांच्या नोंदी साफ करण्यासाठी सोर्लचे ‘डिलीट’ हे फंक्शन आपल्यालाच चालवावे लागते. ईझीचे फील्ड फाइल काढण्याची आज्ञा मिळाल्यावर थंबनेल्सही काढते, पण मॉडेलची नोंद पुसल्यावर ती आज्ञा आपणहून कोणी देत नाही.

सोर्लची ‘क्लीनअप’ आणि ईझीची ‘थंबनेल क्लीनअप’ या दोन्ही आज्ञा मूळ फाइल अस्तित्वात नसलेली थंबनेल्स शोधून काढून टाकतात. येथेच एक पळवाट राहते. वापरकर्त्याने आपले छायाचित्र बदलले, तर जुनी मूळ फाइल जँगोने पुसलेली नसते; ती डिस्कवर आहे म्हणून आज्ञेच्या दृष्टीने तिची थंबनेल्सही जिवंतच ठरतात. रात्री क्लीनअप चालवूनही जागा का भरत जाते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते. जँगो-क्लीनअप हे पॅकेज बदललेल्या आणि काढलेल्या फाइल्स पुसते. ते यांपैकी कोणत्याही पर्यायाबरोबर बसवावे, मात्र एकच फाइल अनेक नोंदी वापरत नाहीत याची खात्री करून घ्यावी. वापरकर्त्याने काढून टाकलेले छायाचित्र जुन्या पत्त्यावर दिसत राहणे हा केवळ जागेचा प्रश्न नसतो.

साठा एस-थ्रीवर नेल्यावर आणखी एक गोष्ट बदलते आणि ती सहज ध्यानात येत नाही. स्थानिक डिस्कवर त्याच नावाची फाइल आली तर जँगो नावामागे काही यादृच्छिक अक्षरे जोडतो. जँगो-स्टोरेजेस पॅकेजाचा एस-थ्री साठा मात्र सांगितले नाही तर जुनी फाइल झाकून नवी ठेवतो. सोर्लची नोंदवही नावावर चालते, इमेजकिटच्या फाइलचे नावही मूळ नावावरून बनते. परिणामी नव्या छायाचित्राखाली जुनेच थंबनेल दिसू शकते.

मराठी नावांच्या फाइल्समुळे हा धोका वाढतो. अपलोड झालेल्या फाइलचे नाव स्वच्छ करताना जँगो फक्त अक्षरे, अंक, अधोरेखा, हायफन व टिंब ठेवतो, आणि ज्या पायथॉन नियमाने तो अक्षरे ओळखतो त्या नियमात देवनागरीचे काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोड ही अक्षरे मानली जात नाहीत. ‘पुणे’ नावाची फाइल त्यामुळे ‘पण’ होते आणि ‘पाणी’ नावाची फाइलही ‘पण’ होते. एकाच फोल्डरात, एस-थ्रीवर, झाकून ठेवण्याची सेटिंग तशीच राहिली असेल तर पाण्याच्या छायाचित्राने पुण्याचे छायाचित्र नाहीसे होते. अपलोडचा मार्ग ठरवणारे फंक्शन लिहून त्यात प्रत्येक फाइलला यूयूआयडीवर, म्हणजे पुन्हा न येणाऱ्या यादृच्छिक ओळखक्रमांकावर, आधारित नाव द्यावे. मूळ मराठी नाव दाखवायचे असेल तर ते मॉडेलच्या वेगळ्या स्तंभात जपावे. या एका उपायाने नावांची टक्कर, जुने थंबनेल दिसणे आणि ब्राउझरच्या कॅशेतील शिळी चित्रे हे तिन्ही त्रास मिटतात, कारण नाव कधीच पुन्हा वापरले जात नसल्याने वर्षभराची कॅशे-मुदत निर्धास्तपणे देता येते.

जँगो-स्टोरेजेस पॅकेजात आणखी एक मूळ सेटिंग थंबनेलांच्या विरोधात जाते. एस-थ्रीचे पत्ते स्वाक्षरीसह आणि ३,६०० सेकंदांच्या मुदतीचे दिले जातात. सार्वजनिक थंबनेलचा पत्ता वरचेवर बदलत राहिला, तर ब्राउझर तेच चित्र पुन्हा पुन्हा उतरवतो. सार्वजनिक थंबनेल्ससाठी वेगळा साठा लिहून त्यात ही स्वाक्षरी बंद करावी आणि मूळ फाइल्ससाठी ती चालू ठेवावी.

मागणी आल्यावर करण्याची किंमत

सोर्ल, ईझी आणि नेहमीच्या धोरणातले इमेजकिट हे तिघेही पान तयार होत असतानाच थंबनेल करतात. यादीत २४ नवी छायाचित्रे असतील आणि प्रत्येकाला पाव सेकंद लागला, तर पहिल्या वाचकाला पान सहा सेकंदांनी दिसते. १२० छायाचित्रांचा संग्रह असेल, तर गुनिकॉर्न या जँगो चालवणाऱ्या सर्व्हरच्या ३० सेकंदांच्या नेहमीच्या मुदतीत काम संपत नाही आणि वर्कर मारला जातो. तोवर झालेली थंबनेल्स मात्र टिकतात, म्हणून पान पुन्हा उघडले की गाडी थोडी पुढे सरकते. टेम्प्लेट नसलेल्या, जेसन देणाऱ्या एपीआयमध्येही सीरियलायझरमधून (नोंदीचे जेसन बनवणाऱ्या कोडमधून) थंबनेल मागवले तर हाच प्रकार होतो. म्हणून यादीची पाने असलेल्या संकेतस्थळाने अपलोडनंतर लगेच, पण वेगळ्या वर्करमध्ये थंबनेल्स तयार करावीत. काम रांगेत टाकताना ते डेटाबेसचा व्यवहार पक्का झाल्यावरच जाईल अशी जँगोतील सोय वापरावी, नाहीतर वर्कर नोंद शोधायला जातो तेव्हा ती अजून तेथे नसते.

वेगळा प्रतिमा-सर्व्हर

थंबॉर हा ब्राझीलच्या ग्लोबो डॉट कॉममध्ये तयार झालेला, पायथॉनमध्येच लिहिलेला सर्व्हर आहे. विकिमीडियानेही २०१७ पासून आपल्या थंबनेल्ससाठी तो वापरला. येथे आकार पत्त्यातच लिहिला जातो. जँगो फक्त पत्ता बनवतो, पान ताबडतोब जाते आणि ब्राउझर प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे मागतो, त्यामुळे एक चित्र रेंगाळले तरी पान थांबत नाही. चेहरे ओळखून त्यांभोवती कातरण्याची सोय हे थंबॉरचे आणखी एक आकर्षण. ईझीचे ‘स्मार्ट’ कातरणे केवळ कमी तपशिलाच्या कडा काढून टाकते, चेहरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते.

मात्र पत्त्यात आकार लिहिता येतो याचाच अर्थ असा, की कोणीही त्यात कोणताही आकार लिहू शकतो. हजारो वेगवेगळे आकार मागून सर्व्हर दमवणे सोपे असते, म्हणून पत्त्यावर गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी लागते. थंबॉरमध्ये स्वाक्षरीविना चालणारे ‘अनसेफ’ पत्ते सुरुवातीला सुरूच असतात, किल्ली सर्वांना ठाऊक असलेली नमुन्याची असते आणि कोणत्याही संकेतस्थळावरून चित्र आणण्यास मोकळीक असते. या तिन्ही सेटिंगा बदलल्याशिवाय तो बाहेरच्या जगासाठी उघडू नये. पायथॉनमधून सही केलेले पत्ते बनवण्यासाठी लिबथंबॉर हे लहान पॅकेज आहे.

इमेजप्रॉक्सी गो भाषेत लिहिलेला असून तो लिबव्हिप्सवर चालतो, आणि स्मृती कमी वापरण्यात लिबव्हिप्सची ख्याती रास्त आहे. त्याची मोफत आवृत्ती तयार चित्र साठवत नाही. पुढे सीडीएन (जागोजागी प्रती ठेवणारे वितरण-जाळे) किंवा एन्जिनएक्स या वेब-सर्व्हरचा कॅशे आहे हे ती गृहीत धरते. थंबॉरमध्येही तयार चित्रांचा साठा आपण जोडावा लागतो. पुढे कॅशे न ठेवता यांपैकी काहीही चालवणे म्हणजे तेच चित्र दर भेटीला नव्याने कापणे. एन्जिनएक्सचे स्वतःचे प्रतिमा-मॉड्यूलही आहे आणि साध्या गरजेला ते पुरते, पण त्याची मूळ मर्यादा १ एमबीच्या फाइलची असते व त्याहून मोठ्या चित्राला ते ४१५ क्रमांकाची त्रुटी देते, हे माहीत नसेल तर शोध भलत्याच दिशेने जातो.

नोंदवही नाही, मायग्रेशन नाही, क्लीनअप नाही, हा या मार्गाचा मोठा लाभ आहे. कॅशेची मुदत संपली की थंबनेल आपोआप जाते. किंमत म्हणजे आणखी एक सेवा चालती ठेवणे, तिच्या आवृत्त्या सांभाळणे आणि ती बंद पडली तर सगळ्या संकेतस्थळाची चित्रे एकदम जाणे. क्लाउडिनरी, इमजिक्स यांसारख्या भाड्याच्या सेवा हा भार घेतात, पण बिल रूपांतरांच्या किंवा वाहतुकीच्या प्रमाणात वाढते. गर्दी कधी उसळेल याचा नेम नसलेल्या बातमीच्या संकेतस्थळाने तो हिशेब आधी करावा.

कोणी काय घ्यावे

वॅगटेल ही जँगोवरची आशय-व्यवस्थापन प्रणाली वापरणाऱ्यांनी यांपैकी काहीच घेऊ नये: त्यात आकारांच्या आवृत्त्या, त्यांची नोंद आणि संपादकाने ठरवलेला केंद्रबिंदू ही सगळी व्यवस्था आधीच आहे. जँगो-फायलर हे फाइल-व्यवस्थापनाचे पॅकेज ईझीवर उभे असल्यामुळे तेथे निवड झालेलीच असते. फ्लास्क किंवा फास्टएपीआय या पायथॉनच्या इतर वेब-चौकटींवर काम करणाऱ्यांना वरील तिन्ही पॅकेजे लागू पडत नाहीत. त्यांनी पिलो किंवा पायव्हिप्स (पायथॉनमधून लिबव्हिप्स वापरण्याचे पॅकेज) आणि एक रांग एवढ्यावर लहान काम भागवावे, आणि आकार वाढू लागले तर सरळ इमेजप्रॉक्सीकडे वळावे.

जँगोवरच्या नव्या प्रकल्पाला, आकार मोजके आणि ठरलेले असतील तर, मी ईझी-थंबनेल्स, तिची टोपणनावे आणि अपलोडनंतरचा वर्कर ही जोडणी सुचवेन. सोर्ल आधीच चालू असेल तर केवळ नावीन्यासाठी ते बदलू नये. दर्जा आणि ताणण्याची सेटिंग सुधारून, नोंदवही रेडिसमध्ये हलवून ते उत्तम काम देते. चित्रांवर खरी प्रक्रिया होत असेल तर इमेजकिट. वेब, अँड्रॉइड आणि आयओएस असे तीन ग्राहक आपापले आकार मागत असतील, किंवा डिझाइन दर तिमाहीला बदलत असेल, तर आकार आधी ठरवण्याचा आग्रह निष्फळ ठरतो आणि स्वतंत्र सर्व्हर स्वस्त पडतो. २०,००० छायाचित्रे, सहा आकार आणि दोन स्वरूपे म्हणजे २,४०,००० फाइल्स होतात. त्यांतल्या बहुतेक कोणी कधीच पाहणार नसेल, तर त्या करून ठेवण्यात अर्थ नाही.

एका पॅकेजावरून दुसऱ्यावर जाताना जुने थंबनेल-फोल्डर लगेच पुसू नये, कारण पाठवलेल्या ईमेलमध्ये आणि शोधयंत्रांच्या नोंदींत ते जुने पत्ते गेलेले असतात. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये त्या फोल्डराची मागणी आटल्यावर ते काढावे. सोर्ल आणि इमेजकिट यांची थंबनेल्स वेगळ्या फोल्डरात असतात म्हणून हे सोपे जाते. ईझी मात्र सांगितले नाही तर थंबनेल मूळ फाइलच्या शेजारीच ठेवते, आणि मग बॅकअपमधून थंबनेल्स वगळणे व पुढे त्यांना मूळ छायाचित्रांतून निवडून काढणे दोन्ही किचकट होते. तिच्या सेटिंगांत थंबनेल्ससाठी वेगळे मूळ-फोल्डर नेमण्याची ओळ आहे. पहिले छायाचित्र चढण्यापूर्वीच ती भरावी.